बिअर झाली, वर्ट उरलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बिअर करणारी मराठी मंडळी, बहुतेक अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातली, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रसंग सगळ्यांचा एकच. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) भरला, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं बूच) लागला आणि पातेल्यात दोन-तीन लिटर गोड रस, म्हणजे वर्ट, शिल्लक राहिला. ओतून द्यायला हात होत नाही आणि ठेवायचं कुठे ते कळत नाही. उत्तर जवळपास दर वेळी दोन गोष्टींवर ठरतं: त्यात हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) पडलेत का, आणि ते थंड होऊन किती वेळ झाला. प्रश्न पाठवताना एवढं जरूर कळवा.

१. वर्ट म्हणजे नेमकं काय? त्यात दारू असते का?

मोड आणून वाळवलेले जव म्हणजे माल्ट. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवले की धान्यातलीच एन्झाइम्स स्टार्च तोडून साखर करतात, मुख्यतः माल्टोज. हा गोड रस गाळून घेतला की झालं वर्ट. मोड आलेल्या नाचणीची पेज शिजताना पातळ आणि गोडसर होते, ती याच एन्झाइम्समुळे. पुढे वर्ट हॉप्स घालून साधारण तासभर उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालतात. यीस्टने काम सुरू करेपर्यंत त्यात अल्कोहोल नसतं.

२. दर वेळी उरतंच. माझं गणित चुकतंय का?

नाही. उकळताना किती पाणी उडेल हे पातेल्याच्या तोंडावर, आचेवर आणि त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असतं, म्हणून अनुभवी माणूसही थोडं जास्तच धरतो. पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या बॅचमध्ये दीड-दोन लिटर तर गाळासकट तळाशी राहणारच. वर फर्मेंटरमध्ये फेसाला जागा सोडावी लागते, त्यामुळे कधी कधी स्वच्छ वर्टही बाहेर राहतं.

खालच्या उत्तरांत तीन प्रकार वेगळे धरले आहेत: स्वच्छ उरलेलं, गाळाचं, आणि चोथ्यात अजून अडकून बसलेलं. हायड्रोमीटरच्या (वर्टची गोडी मोजायच्या उपकरणाच्या) नळीतलं शंभर-दोनशे मिलिलिटर कोणत्याही हिशोबात धरू नका. ते चाखून बघा आणि फर्मेंटरमध्ये परत कधीच ओतू नका.

३. पातेलं झाकून ठेवलं आणि सकाळी बघितलं तर चालेल का?

न चाललेलं बरं. तापवलेलं दूध ज्या शिस्तीने सांभाळता त्याच शिस्तीने वर्ट सांभाळायचं. साखर आहे, प्रथिनं आहेत, आम्लता बेताची आहे. हवेतल्या यीस्टला आणि जिवाणूंना आणखी काय पाहिजे? उकळल्यावर लगेच थंड करून निर्जंतुक बरणीत भरून फ्रिजमध्ये गेलं, तर पुढचे सगळे पर्याय खुले राहतात. उन्हाळ्यात रात्रभर गॅरेजमध्ये राहिलेल्या वर्टला सकाळी आंबूस किंवा शिजवलेल्या कोबीसारखा वास आला, तर वाचवायच्या भानगडीत पडू नका. सरळ प्रश्न २२ कडे जा.

४. गाळाचं वर्ट टाकूनच द्यायचं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त वर्ट वाया जातं ते इथेच. हा गाळ म्हणजे उकळताना आणि थंड होताना साकळलेली प्रथिनं आणि हॉप्सचा चुरा. पातेल्याच्या तळातलं सगळं दोन मोठ्या काचेच्या बरण्यांत ओता, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बरण्या गढूळ, हिरवट-करड्या दिसतात आणि यातून काही निघेल असं वाटत नाही. सकाळी बघा. वर चहाच्या रंगाचं नितळ वर्ट, खाली हिरवा दाट थर, आणि मध्ये कापसाच्या पुंजक्यांसारखा एक फिकट थर, जो बरणी हलली की लगेच उठतो. वरचं वर्ट हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा आणि पुंजके तोंडाशी आले की थांबा. दोन लिटर गाळातून साधारण लिटरभर नितळ वर्ट मिळतं. कापडाने पिळून काढण्याचा मोह होतो, पण कापड दोन मिनिटांत बुजतं आणि हात चिकट होतात ते वेगळंच.

असं मिळालेलं वर्ट पुन्हा दहा-पंधरा मिनिटं उकळल्याशिवाय कशातही वापरू नका.

५. फ्रिजमध्ये किती दिवस आणि फ्रीझरमध्ये किती महिने टिकतं?

फ्रिजमध्ये, चार अंशांच्या आसपास, निर्जंतुक बरणीत तीन-चार दिवस. फ्रीझरमध्ये कित्येक महिने. वास-चव हळूहळू मंदावते, पण यीस्ट वाढवायच्या स्टार्टरसाठी (प्रश्न ८) ते अजिबात आडवं येत नाही. गोठताना द्रव फुगतो, म्हणून डबा काठोकाठ भरू नका आणि काचेची बाटली गोठवू नका. लिटरचे प्लॅस्टिक डबे किंवा झिपच्या जाड पिशव्या उत्तम. डब्यावर तारीख, ग्रॅव्हिटी (गोडीचा हायड्रोमीटरवरचा आकडा, पाण्याचा १.०००) आणि ‘हॉप्स आहेत’ किंवा ‘नाहीत’ असं लिहाच. सहा महिन्यांनी सगळे डबे सारखेच तपकिरी दिसतात.

गोठलेलं वर्ट सारखं वितळत नाही, गोडी आधी सुटते आणि बर्फ मागे राहतो. अर्धवट वितळलेल्या डब्यातलं वर्ट मोजलं तर ग्रॅव्हिटी भलतीच जास्त येते. म्हणून पूर्ण वितळू द्या, हलवा, मग मोजा. उलट, दाट वर्टच हवं असेल तर गोठलेली प्लॅस्टिकची बाटली चाळणीवर उपडी टांगून पहिली धार वेगळी काढा. गॅस न जाळता ते बऱ्यापैकी घट्ट होतं.

६. उकळतं वर्ट बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं तर मुरांब्यासारखं कपाटात टिकणार नाही का?

नाही. पूर्ण पानावर ‘असं करू नका’ म्हणून ठासून सांगायची हीच एक गोष्ट. मुरांबा टिकतो साखरेच्या दाटपणामुळे आणि लोणचं आंबटपणा, मीठ व तेलामुळे. वर्टमध्ये यातलं काहीच पुरेसं नाही. त्याचा पीएच (जितका कमी तितकं आंबट) साधारण ५ ते ५.४ असतो. बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू ४.६ च्या वर वाढू शकतात, त्यांना ऑक्सिजन नको असतो आणि त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. गरम भरून घट्ट बंद केलेली, कपाटात ठेवलेली बाटली त्यांना हवी तशीच असते. विष तयार झालं तरी रंग, वास, चव बदलेलच असं नाही. हॉप्स काही जिवाणूंना आवर घालतात हे खरं, पण त्यांच्या भरवशावर असा धोका घेऊ नये.

ऑस्ट्रेलियातले मित्र लगेच म्हणतील की आम्ही गरम वर्ट प्लॅस्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये भरून आपोआप निवू देतो. बरोबर. पण त्याचा अर्थ ‘थंड झालं की यीस्ट’ असा घ्या. दुसऱ्या दिवशी यीस्ट पडलं की पीएच झपाट्याने ४.६ च्या खाली येतो. महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर जागा एकच, फ्रीझर.

७. पण मी भारतातून आणलेल्या कुकरमध्ये बरण्या ठेवून भरपूर शिट्ट्या केल्या तर?

हा प्रश्न फक्त आपल्याच लोकांकडून येतो, आणि वाजवी आहे. बीजाणू मारायला १२१ अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि आपला कुकर एक किलो दाबाला जवळपास तिथपर्यंत पोचतो. अडचण वेगळीच आहे. शिट्टी झाली की दाब पडतो आणि पुन्हा चढतो. दाब दाखवणारा काटा नसतो. शिवाय कुकर लहान असल्याने तापतो पटकन आणि निवतोही पटकन, त्यामुळे बरणीच्या मध्यभागी उष्णता किती वेळ टिकली ते सांगता येत नाही. अमेरिकेत घरगुती साठवणीसाठी काट्याचा किंवा वजनाचा कॅनर (बरण्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं) वापरायला सांगतात, ज्यात एक क्वार्टच्या (जेमतेम लिटरच्या) निदान चार बरण्या उभ्या राहतील. डेन्व्हरसारख्या उंचीवर, सुमारे १,६०० मीटरवर, दाबही वाढवून धरावा लागतो. इलेक्ट्रिक मल्टिकुकरही या कामाचा नाही.

कुकर अगदीच निरुपयोगी नाही. स्टार्टरचं वर्ट कुकरमध्ये शिजवून, निववून त्याच दिवशी वापरलं तर झकास. यीस्ट साठवायला वर्ट-आगरच्या प्लेट करणारेही (लिटरला १५ ते २० ग्रॅम आगर) कुकरच वापरतात.

८. उरलेल्या वर्टचा सगळ्यात चांगला उपयोग कोणता?

माझ्या मते यीस्टचा स्टार्टर, निर्विवाद. द्रव यीस्टची पुडी जुनी असेल किंवा लागर (थंडाव्यात संथ आंबणारी बिअर) करायची असेल तर दोन दिवस आधी यीस्ट वाढवून घ्यावं लागतं. त्यासाठी लोक माल्ट पावडर विकत आणतात, लिटरला १०० ग्रॅम. आणि मागच्या महिन्यात तेच द्रव्य सिंकमध्ये ओतलेलं असतं.

स्टार्टरची ग्रॅव्हिटी १.०३० ते १.०४० ठेवा. जास्त गोड वर्टमध्ये यीस्टवर ताण येतो, आणि तुम्हाला इथे पेशी हव्या आहेत, बिअर नको. पातळ करायचा हिशोब सोपा आहे: पॉइंट (ग्रॅव्हिटीतले दशांशानंतरचे आकडे) गुणिले लिटर ही रक्कम बदलत नाही. १.०६० चं एक लिटर वर्ट म्हणजे ६०. ते ४० वर आणायचं तर एकूण दीड लिटर करा, म्हणजे अर्धा लिटर पाणी. मग दहा-पंधरा मिनिटं उकळा, २० ते २२ अंशांवर आणा, यीस्ट घाला, वर फॉइल सैल ठेवा आणि येता-जाता हलवत राहा. दीड दिवसात तळाला पांढरा थर धरतो. एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून वरचं पाणी ओतून दिलं की खालचं घट्ट यीस्ट तेवढं वापरता येतं. साध्या एलला (उबेला लवकर आंबणाऱ्या बिअरला) एक लिटर स्टार्टर पुरतो, लागरला दोन किंवा जास्त.

कोरड्या यीस्टला स्टार्टर लागत नाही. ते वापरत असाल तर प्रश्न १० आणि ११ तुमच्या कामाचे.

९. स्टाउटचं (काळ्या बिअरचं) वर्ट लागरच्या स्टार्टरला चालेल का? आणि आयपीएचं (भरपूर हॉप्सच्या बिअरचं)?

वरचं पाणी ओतून देणार असाल तर दोन्ही चालेल. रंग आणि कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो. आयपीएच्या वर्टमध्ये हॉप्सची राळ जरा जास्त असते आणि ती यीस्टला चिकटते, म्हणून प्रश्न ४ प्रमाणे नितळ केलेलंच घ्या. पूर्ण स्टार्टर पाण्यासकट ओतणार असाल तर मात्र फिकट पिल्सनरमध्ये लिटरभर स्टाउट दिसल्याशिवाय राहणार नाही.

वेगवेगळ्या बॅचचे डबे एकत्र करायलाही हरकत नाही. हॉप्सचे आणि बिनहॉप्सचे मात्र मिसळू नका, नाहीतर बिनहॉप्सच्या वर्टचे स्वयंपाकातले सगळे उपयोग हातचे जातात.

१०. जर्मन लोक बाटल्यांत साखरेऐवजी वर्टच घालतात म्हणे. कसं?

बव्हेरियातल्या १५१६ च्या शुद्धतेच्या नियमात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच बसतं. बाटलीत गॅस धरण्यासाठी साखर घालणं त्या परंपरेला मान्य नाही. म्हणून त्याच बॅचचं थोडं वर्ट राखून ठेवायचं आणि बिअर पूर्ण आंबल्यावर भरताना परत घालायचं.

हिशोब असा: बिअरचे लिटर गुणिले ३, भागिले वर्टचे पॉइंट. बिअर १९ लिटर आणि वर्ट १.०५० असेल तर ५७ भागिले ५०, म्हणजे १.१४ लिटर. यातून नेहमीच्या एलला शोभेल इतका गॅस येतो. गव्हाच्या बिअरला जास्त फेस हवा म्हणून प्रमाण वाढवायचं असेल तर जाड काचेच्या बाटल्या घ्या आणि आधी ग्रॅव्हिटी दोन-तीन दिवस हललेली नाही याची खात्री करा. प्रश्न १३ मधली दुसरी चाचणी केलेली असेल तर हे काम फार निर्धास्तपणे होतं.

ब्रू करतानाच हे वर्ट काढून गोठवा. भरायच्या दिवशी वितळवा, दहा मिनिटं उकळा, निववा, मग घाला. चवीत फार फरक पडतो का? मला तरी साखरेशी तुलना करून सांगता येणार नाही इतका कमी. पण साखर विकत न घेता बॅच पूर्ण होते, यात एक समाधान आहे.

११. चार लिटर स्वच्छ वर्ट उरलंय. त्याची वेगळी बिअर करू का?

जरूर. एक गॅलनपेक्षा जरा मोठा काचेचा जग घ्या आणि मुख्य बॅचपेक्षा वेगळं यीस्ट घाला. एका बाजूला अमेरिकन एल, दुसऱ्या बाजूला बेल्जियन, वर्ट तेच. यीस्टने किती फरक पडतो हे त्यातून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. कोकम, आलं, वेलची घालून बघायची हौसही या छोट्या जगमध्येच भागवा, १९ लिटर पणाला लावू नका.

लिटरभरच असेल तर चार लिटर सफरचंदाचा रस आणा, वर्ट त्यात मिसळा आणि एलचं यीस्ट घाला. नुसत्या सायडरचा कोरडेपणा माल्टने जातो. रसाच्या बाटलीवर पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं नसेल याची खात्री करा, नाहीतर यीस्ट वाढणारच नाही.

१२. चोथा अजून गोड लागतो. त्यातून आणखी काढता येईल?

चोथ्यात गोडी चांगलीच असते, विशेषतः तगडी बिअर केली असेल तर. पहिल्या धारेची तगडी आणि पुढच्या धारेची हलकी बिअर काढणं ही इंग्लंडची जुनी रीत आहे. लंडनच्या चिझिकमधली फुलर्स ब्रुअरी एकाच मॅशच्या (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या) धारा वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून निरनिराळ्या बिअर करण्यासाठी ओळखली जाते. सॅन फ्रान्सिस्कोची, २०२३ मध्ये बंद झालेली अँकर ब्रुअरी आपल्या बार्लीवाइनच्या (फार तगड्या बिअरच्या) चोथ्यातून ‘स्मॉल बिअर’ काढत असे.

घरी ७५ अंशांच्या आसपासचं पाणी चोथ्यावर घाला, ढवळा, दहा मिनिटांनी काढा आणि मोजत राहा. धार १.०१० च्या खाली गेली की थांबा. त्यापुढे सालीतला तुरटपणा उतरायला लागतो. हे वर्ट उकळलेलं नसतं आणि धान्यावरचे लॅक्टिक जिवाणू त्यात असू शकतात, म्हणून ते गाळाच्या वर्टपेक्षाही लवकर आंबतं. त्याच दिवशी उकळा.

१३. वर्ट वापरून आपली स्वच्छता तपासता येते असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि फुकट आहे. थंड केलेलं, यीस्ट न घातलेलं थोडं वर्ट निर्जंतुक बाटलीत घ्या, झाकण सैल ठेवा आणि ३० अंशांच्या जवळपास उबेला ठेवा. तीन दिवस नितळ राहिलं तर तुमचे पाइप आणि चिलर (वर्ट थंड करायचं साधन) स्वच्छ आहेत. दुसऱ्याच दिवशी बुडबुडे किंवा गढूळपणा आला तर नळ उघडून आतून धुवा. ते वर्ट चाखू नका, टाकून द्या.

दुसरी चाचणी याहून कामाची. पाव लिटर वर्टमध्ये भरपूर यीस्ट घालून २५ ते २७ अंशांवर ठेवा आणि वरचेवर हलवा. दोन-तीन दिवसांत ते आंबून संपतं आणि तुमची बिअर शेवटी कोणत्या ग्रॅव्हिटीला थांबेल ते आधीच कळतं. ‘१.०२० वर अडकली की झाली?’ हे पत्रच मग लिहावं लागत नाही.

१४. वर्ट तसंच प्यायलं तर? मुलांना देऊ का?

हॉप्सचं वर्ट एक घोट गंमत म्हणून ठीक, पेलाभर कुणी पीत नाही. बिनहॉप्सचं मात्र छान लागतं, पण त्यासाठी आधी सुचावं लागतं: हॉप्स घालण्यापूर्वी लिटरभर पहिली धार बाजूला काढा आणि पंधरा मिनिटं वेगळी उकळा. मुलांनाही चालेल. चव ओळखीची वाटेल, कारण हॉर्लिक्सचा पाया हाच आहे. विस्कॉन्सिनमधल्या रसीनला हॉर्लिक बंधूंनी १८८३ मध्ये पेटंट घेतलं ते गहू आणि माल्टचा अर्क दुधाबरोबर वाळवण्याचं.

दुधात घालताना एकत्र उकळू नका, वर्ट आंबटसर असल्याने दूध फाटतं. दूध तापवून गॅस बंद करा, मग कोमट वर्ट घाला. निम्म्याहून कमीच. उपवासाला चालतं का असंही एकदोघांनी विचारलंय. जव आहेत हो.

१५. मधुमेह किंवा ग्लुटेनचा त्रास असेल तर?

दोन्हींत टाळा. १.०५० च्या वर्टमध्ये लिटरला साधारण १३० ग्रॅम विरघळलेला अर्क असतो, बहुतेक साखरच. पेलाभर वर्ट कोलापेक्षा गोड पडतं आणि माल्टोज रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. जवात ग्लुटेन असतं आणि उकळून ते जात नाही.

१६. आटवून पाक करता येतो का? माझा दोनदा करपला.

येतो, फक्त बिनहॉप्सच्या वर्टचा (का, ते प्रश्न १८ मध्ये). १.०४० चं तीन लिटर वर्ट आटून साधारण ३०० मिलिलिटर पाक होतो, एवढ्यावर समाधान असेल तरच गॅस पेटवा.

करपतो तो शेवटच्या दहा मिनिटांत. पहिले दोन तृतीयांश पाणी मोठ्या आचेवर खुशाल उडवा, शक्यतो बाहेर, प्रोपेनच्या शेगडीवर. त्या चिकट वाफेने फ्लॅटचा धुराचा अलार्म वाजल्याच्या कथा बऱ्याच आहेत. मग कापडातून गाळून जाड बुडाच्या कढईत घ्या आणि आच मंद करा. आधी बुडबुडे बारीक आणि पांढरे असतात. पाक जवळ आला की ते मोठे, काचेसारखे होतात, फुटताना फट्‌ असा आवाज येतो आणि उलथण्याने बाजूला सारलं की कढईचा तळ क्षणभर दिसतो. इथून पुढे हात थांबवू नका. बशीत थेंब टाकून बघा आणि एकतारीच्या जरा आधीच उतरवा, निवल्यावर तो घट्ट होतो. साखरेच्या पाकासारखा हा सहजी खडे धरत नाही.

पॅनकेकवर, घावनाबरोबर, दह्यात उत्तम. नुसत्या या पाकाची चिक्की मात्र दाताला चिकटते आणि दमट हवेत पाझरते. निम्मा गूळ घ्या.

१७. स्वयंपाकात आणखी कुठे?

पावात. पाण्याऐवजी अर्धं वर्ट, अर्धं पाणी आणि साखर वगळा. साल लवकर तांबूस होते, म्हणून ओव्हन दहा-पंधरा अंश कमी ठेवा. न्यूयॉर्कच्या बेगलला (कड्यासारख्या पावाला) उकळत्या माल्टच्या पाण्यात बुडवून मग भाजतात. ते पाणी म्हणजे आपलं पातळ केलेलं वर्टच. कांदा मंद आचेवर परतताना दोन पळ्या वर्ट घातलं तर रंग सुरेख येतो. चिंच-गुळाच्या आमटीत गुळाऐवजी घालायला जाऊ नका. गोडी येते, पण गुळाचा खारट खमंगपणा येत नाही. चोथा मात्र वाळवून, दळून थालिपिठाच्या भाजणीत मूठभर मिसळला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

१८. हॉप्सचा कडूपणा काढून टाकायची काही युक्ती?

नाही. उकळताना हॉप्सची अल्फा आम्लं रूप बदलून वर्टमध्ये मुरतात आणि गाळून निघत नाहीत. आटवलं तर पाणी उडतं आणि कडूपणा मागे दाट होतो. साखर घालून झाकायला गेलं तर गोड-कडू काढा होतो. अगदी कमी हॉप्सच्या गव्हाच्या बिअरचं वर्ट पावात खपतं, बाकी सगळं हॉप्सचं वर्ट स्टार्टरकडे किंवा प्रश्न ११ मधल्या काचेच्या जगमध्ये.

१९. दह्याचं विरजण लावून आंबट करता येईल? व्हिनेगर?

दोन्ही होतं, पण नियम उलटे आहेत. दह्यातले लॅक्टिक जिवाणू हॉप्सपुढे नांगी टाकतात, म्हणून आंबट बिअरसाठी बिनहॉप्सचं वर्टच हवं. ते आधी उकळून ४० अंशांवर आणून त्यात चमचाभर ताजं दह्याचं पाणी घातलं तर दीड-दोन दिवसांत आंबटपणा उतरतो. पुन्हा उकळून यीस्ट घाला. व्हिनेगरच्या जिवाणूंना हॉप्सचं काही वाटत नाही. पण त्यांना साखर नको, अल्कोहोल हवं. म्हणून आधी यीस्टने आंबवा, मग व्हिनेगरचं विरजण घालून तोंडाला कापड बांधून ठेवा. हॉप्सचा कडूपणा व्हिनेगरमध्येही राहतो. आणि ही बरणी बिअरच्या सामानापासून लांब, शक्य तर वेगळ्या खोलीत.

२०. मग व्हिस्की का नाही?

घरी बिअर करायची जी मोकळीक आहे ती गाळून दारू काढायला लागू होत नाही, अमेरिकेतही नाही आणि इंग्लंडमध्येही नाही.

२१. हे सगळं पुण्यात घरी करता येईल का?

बिअर नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यापुरतंही नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअर करमुक्त झाली: एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असलेल्या घराला २००. तरी राज्यांचे कायदे वेगळे होते. मिसिसिपी आणि अलाबामात परवानगी मिळायला २०१३ उजाडलं. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरत्या बिअरला लायसन्स लागत नाही. पुण्या-मुंबईत राहून माल्टचं पेय, पाक, पाव यांत रस असेल तर प्रश्न १४, १६ आणि १७ पुरेत.

२२. शेवटी टाकायचंच आहे. सिंक, बाग की कंपोस्ट?

थोडं नितळ वर्ट भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये गेलं तर बिघडत नाही. घराला सेप्टिक टँक असेल तर बादलीभर एकदम ओतू नका. गाळ सिंकमध्ये नको, पाइपात बसतो. तो कंपोस्टमध्ये सुक्या पानांच्या किंवा पुठ्ठ्याच्या थराखाली पुरा. वर उघडा राहिला तर उन्हाळ्यात तासाभरात गांधीलमाश्या हजर होतात.

घरात कुत्रा असेल तर कंपोस्टही बंदिस्त हवं. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. वापरलेले, उकळलेले, गाळातले, कसेही असोत, त्यांच्या शरीराचं तापमान धोकादायक वाढतं, आणि ग्रेहाउंडला तर विशेष धोका. गाळ गोड असल्याने कुत्रा तो हुडकून खातो. कुत्र्याने खाल्ला असं नुसतं वाटलं आणि तो जोरजोरात धापा टाकायला लागला, तरी वाट बघू नका, लगेच व्हेटला फोन करा आणि हॉप्स खाल्लेत हे सांगा. अशा घरात गाळ पिशवीत घट्ट बांधून थेट कचऱ्याच्या गाडीत गेलेला बरा.